सोबतची माणसं

"मावशी, बीपी आहे का?"

"नाही."

"मग ही गोळी कसली?"

"बीपीची."

कुठल्याही ओपीडीत घटकाभर बसलं की असा संवाद कानावर पडतो. मावशी खोटं बोलत नसतात. गोळीने बीपी जागेवर आहे, म्हणजे आता आजार नाही, असा त्यांचा सरळ हिशोब असतो. मिशरीचं तसंच. "तंबाखू खाता का?" या प्रश्नावर उभा जन्म मिशरी लावणारी आजी बिनदिक्कत "नाही" म्हणते, तंबाखू पुरुष खातात, मिशरी दाताला लावायची असते. साखर नेहमी "थोडीशी" किंवा "बॉर्डरवर" असते. गुडघेदुखीवर कुणीतरी दिलेल्या बिननावाच्या पुड्या तर औषधात धरल्याच जात नाहीत. अशा पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेलं असतं. महिनोन्‌महिने ते घेऊन ऑपरेशनच्या तोंडावर एकदम बंद केलं, तर ऐन वेळी शरीराला रक्तदाब सावरता येत नाही.

ही न सांगण्याची एक तऱ्हा झाली. डॉक्टरांनी प्रश्न फिरवून विचारला, पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला लावली, की ती बरीचशी सुटते. दुसरी तऱ्हा अवघड आहे. तिथे माणसाला सगळं आठवत असतं, ते सांगायला हवं हेही कळत असतं, आणि तरी तो गप्प राहतो.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, नवव्या अध्यायात, उपचाराचे चार पाय सांगितले आहेत: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. प्रत्येकाचे चार-चार गुण. रोग्याच्या वाट्याला आलेले असे: स्मरण, वैद्याचं ऐकणं, निर्भयपणा आणि आपला आजार नीट सांगता येणं. म्हणजे रोग्यालाही काम नेमून दिलेलं आहे, त्याने नुसतं पडून राहायचं नाही. यातला निर्भयपणा मला फार मोलाचा वाटतो. भ्यालेल्या माणसाला आठवलं तरी सांगता येत नाही. आता भीती सुईची असेल, मरणाची असेल; पण आपल्याकडे ती बऱ्याचदा शेजारच्या खुर्चीत बसलेली असते.

कारण आपण दवाखान्यात एकटे जातच नाही. नवरा, सासू, थोरला मुलगा, शिवाय "मी ओळखतो डॉक्टरांना" म्हणणारे एखादे काका. ही सोबत प्रेमाची असते, पैशांचा आणि धावपळीचा भार तीच उचलते. पण तिच्यासमोर काही गोष्टी बोलता येत नाहीत. नव्याने दिवस गेलेल्या मुलीला डॉक्टर विचारतात, "पहिलीच वेळ ना?" ती उत्तर द्यायच्या आत सासूबाई म्हणतात, "पहिलीच, पहिलीच." लग्नाआधी तिचा एकदा गर्भपात झालेला आहे. तिचा रक्तगट निगेटिव्ह आहे. आपल्याकडे शंभरातल्या पाचेक जणांचा तो असतो. गर्भ पॉझिटिव्ह असला, तर त्याच्या रक्तपेशी आईच्या रक्तात मिसळू शकतात आणि तिचं शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार करू शकतं. त्या वेळी काही बिघडत नाही. पुढच्या खेपेला तीच प्रतिपिंडं वारेतून पलीकडे जातात आणि बाळाच्या रक्तपेशी फोडायला लागतात. हे टाळायला गर्भपातानंतर ७२ तासांच्या आत अँटी-डीचं इंजेक्शन द्यायचं असतं. ते तेव्हा कुणी दिलं नाही. आता फायलीत "पहिली खेप" असं लिहिलं गेलं आहे आणि डॉक्टर निर्धास्त आहेत. चाचणीत कळेलही, पण चाचणी वेळेवर आणि पुन्हा पुन्हा करायची, तर संशयाला काही आधार हवा.

इथे त्या मुलीला तिचं कर्तव्य सुनवायला माझी जीभ वळत नाही. कर्तव्य तिचं आहे, हेही खरं. पण ते पार पाडायला तिला दोन मिनिटांचा एकांत लागतो, आणि तो देणं सासूबाईंच्या हातात आहे. डॉक्टरांच्याही. "तुम्ही जरा बाहेर बसा, मला तपासायचं आहे" एवढं त्यांनी म्हटलं की कुणाचा अपमान होत नाही. तिने सांगितलेलं डॉक्टरांना घरच्यांपर्यंत नेता येत नाही. गर्भपात झालेल्या स्त्रीचं नाव उघड करणाऱ्या डॉक्टरला गर्भपाताच्या कायद्यातल्या २०२१च्या दुरुस्तीने एक वर्षापर्यंतच्या कैदेची शिक्षा ठेवली आहे. चरकानेही विमानस्थानात शिष्याला बजावलं आहे की रोग्याच्या घरातली गोष्ट बाहेर न्यायची नाही. हे तिला कुणी सांगितलेलंच नसतं.

कधी कधी तर रोग्याला तोंड उघडायची वेळच येत नाही, घर त्याच्या वतीने बोलतं. मांडीचं हाड मोडून आलेल्या दादांबद्दल मुलगा ठासून सांगतो, "आमच्या दादांना सुपारीचंही व्यसन नाही." दादा छताकडे बघत असतात. ऑपरेशन छान होतं. तिसऱ्या रात्री दादांना घाम फुटतो, हात थरथरतात, कोपऱ्यात नसलेल्या माणसांशी ते बोलू लागतात, सलाईन उपटून टाकतात. घरचे म्हणतात, भूल डोक्यात गेली. खरं तर रोज संध्याकाळी दारूची सवय असलेल्या मेंदूला ती अचानक मिळेनाशी झाली, की दोन ते चार दिवसांत हे होऊ शकतं, आणि यात जीवही जाऊ शकतो. पहिल्या दिवशी कळलं असतं तर शांत ठेवणारी गोळी आणि बी-१ जीवनसत्त्व तेव्हाच सुरू झालं असतं. दादांची इज्जत राखायला मुलगा खोटं बोलला, आणि ज्या वॉर्डात ती जायला नको होती तिथेच सगळ्यांदेखत गेली.

रात्री छातीत दुखतं म्हणून आणलेल्या गृहस्थांचंही असंच. जिभेखाली सॉर्बिट्रेट ठेवण्याआधी डॉक्टर हळूच विचारतात, "गेल्या चोवीस तासांत ताकदीची एखादी गोळी घेतली होती?" बायको आणि जावई उभे असताना कोण हो म्हणेल? पण त्या गोळीत सिल्डेनाफिल असेल, तर त्यावर सॉर्बिट्रेट दिल्याने रक्तदाब धाडकन खाली येतो. तेवढ्यापुरतं जावयाला केसपेपर काढायला पाठवणारा डॉक्टर मला अनुभवी वाटतो.

ऑपरेशनच्या सकाळी भूलतज्ज्ञ तेच प्रश्न पुन्हा विचारतात, तेव्हा नातेवाईक वैतागतात: सगळं फायलीत लिहिलंय की. पण थिएटरचं दार लागलं, सोबतची माणसं बाहेर राहिली, की उत्तरं बदलतात. "सकाळपासून काही खाल्लं-प्यायलं?" याचं उत्तर बाहेर "काही नाही" होतं. आत होतं, "कपभर चहा. थोरल्यानेच आणला, म्हणाला चहाने काय होतंय." नुसतं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं, दुधाचा चहा असेल तर सहा तास थांबावं लागतं, कारण भूल दिल्यावर पोटातलं उलटून फुप्फुसात जाऊ शकतं. ऑपरेशन पुढे ढकललं जातं. बाहेर थोरला डॉक्टरांशी भांडायला उभा राहतो, की उपाशी पोटी म्हाताऱ्या माणसाचे किती हाल करणार.