नदीचें देणें

पैसा एका हातांतून दुसऱ्या हातांत जातो, तेव्हां त्या क्रियेला आपल्या भाषेंत एकच नांव नाहीं. देवळाच्या पेटींत टाकला तें दान, भटजींच्या हातावर ठेवला ती दक्षिणा, गल्लींतल्या उत्सवाला दिला ती वर्गणी, सरकारनें घेतला तो कर, न्यायाधीशानें भरावयास लावला तो दंड, आणि दुसऱ्याचें नुकसान करून मागाहून भरून दिला ती भरपाई. नाणें तेंच, परंतु देणाराचा व घेणाराचा संबंध प्रत्येक वेळीं निराळा असतो, आणि देऊन झाल्यावर देणाराजवळ कोणता हक्क उरतो हेंही त्या नांवावरूनच ठरतें. दान देणाराचें नांव फरशीवर कोरतात; दंड भरणाराचें कोणी कोरीत नाहीं. अमेरिकेच्या पश्चिम भागांतील क्लॅमथ नांवाच्या नदीची हकीकत वाचतांना हा विचार माझ्या मनांत आला. त्या नदीवरचीं चार धरणें २०२३ व २०२४ या दोन वर्षांत पाडून टाकण्यांत आलीं, आणि सॅमन माशांना त्यांचें जुनें घर पुन्हां मोकळें झालें. या कामासाठीं सुमारें ४५ कोटि डॉलरची जी तरतूद झाली, ती अनेकांच्या खिशांतून आली. तिला काय म्हणावें? प्रश्न शब्दांचा दिसतो. मला तो नीतीचा वाटतो.

प्रथम त्या माशाविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. आपल्या कोंकणांतल्या रावसाला इंग्रजी बोलणारे ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, त्यामुळें हे दोघे भाऊबंद असावेत असा पुष्कळांचा समज होतो. वस्तुतः त्यांचें कांहीं नातें नाहीं. सॅमन थंड ओढ्याच्या तळाशीं खड्यांमध्यें अंड्यांतून बाहेर पडतो, कांहीं काळानें प्रवाहाबरोबर समुद्रांत उतरतो, तेथें कांहीं वर्षें वाढतो, आणि मग आपल्या जन्माच्या ओढ्याचा वास ओळखीत प्रवाहाच्या उलट वर चढतो. या चढणींत तो बहुधा अन्न घेत नाहीं, आणि अंडीं घालण्याचें काम आटोपलें कीं मरतो. अस्वलें आणि गरुड त्याला काठावर ओढून नेतात, आणि त्याच्या शरीरांतून आलेला समुद्रांतला नायट्रोजन काठच्या झाडांच्या खोडांत शास्त्रज्ञांना सांपडलेला आहे. समुद्राची पेटी डोंगरावर नेऊन पोंचविणारा हा हमाल आहे, आणि हमाली म्हणून तो कांहीं मागत नाहीं.

अशा प्राण्याचें रक्षण एकट्यादुकट्याला आपल्या मालकीच्या तुकड्यावर करतां येत नाहीं. वाघासाठीं एखादें रान राखून ठेवतां येतें. सॅमनला ओढ्यापासून समुद्रापर्यंतची सगळी वाट अखंड लागते. वरच्या अंगाचा शेतकरी, मधली वीजकंपनी, मुखाशीं जाळें टाकणारे यूरोक लोक आणि समुद्रावरचे कोळी, यांपैकीं कोणीही एकजण त्याला मारूं शकतो. वांचविण्यास मात्र सर्व लागतात.

क्लॅमथ नदी ऑरेगॉन राज्यांत उगम पावून कॅलिफोर्नियांतून पॅसिफिक महासागरास मिळते. तिच्यावरचें वीज उत्पन्न करणारें पहिलें मोठें धरण १९१८ मध्यें सुरू झालें, आणि शेवटचें १९६० नंतरच्या दशकांत. त्यांत माशांसाठीं वर जाण्याची पुरेशी वाट ठेवलेली नव्हती. वरच्या खोऱ्यांतील क्लॅमथ जमातीच्या कित्येक पिढ्यांना ज्या माशानें पोसलें, तो त्यांच्या प्रदेशांत येईनासा झाला. धरणांमागचें सांठलेलें पाणी उन्हाळ्यांत तापे, त्यांत विषारी शेवाळ माजे, आणि तेंच पाणी खालीं सोडलें जाई.

या चार धरणांखेरीज दुसराही एक तंटा होता, तो शेतीच्या पाण्याचा. २००१ सालच्या दुष्काळांत कायद्यानें संरक्षित अशा माशांसाठीं सरकारनें बहुतेक शेतकऱ्यांच्या कालव्यांचें पाणी तोडलें. हजारों लोकांनीं क्लॅमथ फॉल्स गांवांत रांग धरून हातोहात बादल्या पुढें देत कालव्यांत पाणी ओतलें, निषेध म्हणून. पुढच्या वर्षीं पाणी शेतीला मिळालें, आणि सप्टेंबर २००२ मध्यें नदीच्या खालच्या भागांत, उथळ व कोमट पाण्यांत रोग पसरून, राज्याच्या मोजदादीप्रमाणें निदान ३४,००० मासे मेले. एका वर्षीं शेतें सुकलीं, दुसऱ्या वर्षीं काठ कुजला. २००६ मध्यें तर क्लॅमथचे मासे फार घटल्यामुळें दोन्ही राज्यांच्या किनाऱ्यावर शेंकडों मैल सॅमनच्या मासेमारीवर कडक निर्बंध आले, आणि ज्या कोळ्यांनीं कधीं धरण बांधलें नव्हतें कीं कालवा खणला नव्हता, त्यांच्या होड्या बंदरांत बसून राहिल्या.

आतां पैशाकडे वळूं. ४५ कोटींपैकीं २० कोटि डॉलर वीजकंपनीच्या ग्राहकांच्या बिलांवर थोडी जादा आकारणी करून जमविले. उरलेल्या २५ कोटींची सोय कॅलिफोर्नियाच्या मतदारांनीं २०१४ मध्यें मंजूर केलेल्या पाण्याच्या कर्जरोख्यांतून झाली. ग्राहकांचा पैसा हा दंड म्हणावा काय? दंडाला अपराध लागतो. ज्या गृहिणीनें संध्याकाळीं दिवा लावला, तिला ती वीज कोणत्या नदीची हें ठाऊकही नव्हतें. मग दान? दान ऐच्छिक असतें, आणि हा पैसा बिलांतून कापून घेतलेला. भरपाई हा शब्द जवळचा वाटतो, परंतु भरपाईंत हानि करणारा आणि हानि सोसणारा हे दोघे समोरासमोर दाखवितां आले पाहिजेत. येथें दिवा लावणारी गृहिणी हानि करणारी होती असें म्हणणें अन्यायाचें, आणि तिचा कांहींच संबंध नव्हता असें म्हणणें खोटें. कर्जरोख्यांचा प्रकार आणखी विचित्र. सान डिएगोचा जो मतदार आयुष्यांत क्लॅमथ पाहणार नाहीं, त्यानें त्यांवर शिक्का मारला. आणि तें कर्ज फेडणारांत आज शाळेंत असलेलीं मुलेंही असणार.

आपल्याकडे ऋणाची एक जुनी कल्पना आहे. मनुष्य जन्मतःच कांहीं ऋणें घेऊन येतो. तीं त्यानें मागितलेलीं नसतात, त्यांवर त्याची सही नसते, तरी फेडावयाचीं असतात. पुरातन म्हणून हंसण्यावारी नेली जाणारी ही कल्पना मला या प्रसंगीं युरोपीय करार-कल्पनेहून अधिक उपयोगी वाटते. करारांत दोन पक्ष आणि एक तारीख लागते. देण्याला तसें लागत नाहीं. गृहिणीनें अपराध केला नव्हता, पण घेतलें होतें. ‘देणें’ हा शब्दच आपल्या भाषेंत दुहेरी आहे. देण्याची क्रियाही तोच सांगतो आणि डोक्यावरचें कर्जही. क्लॅमथच्या पैशाला मी तेंच नांव देईन. या नांवांतून एक गोष्ट आपोआप निघते : देणें फेडणाराला फेडलेल्या वस्तूवर मालकी सांगतां येत नाहीं. धरणाखालून बाहेर आलेल्या जमिनींपैकीं सुमारें २,८०० एकर जमीन शास्ता जमातीला परत देण्याचें कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनीं जून २०२४ मध्यें जाहीर केलें. कर्जरोख्यांना मत देणाराला तींतून वाफाभरही जागा मिळणार नाहीं, आणि तेंच योग्य.

परंतु येथवर प्रश्न सोपा होता. कठिण भाग सहकार्याचा आहे. २०१० मध्यें शेतकरी, कोळी, निसर्गरक्षक संस्था, सरकारी खातीं आणि यूरोक, कारुक व क्लॅमथ या जमाती यांनीं मिळून पाण्याच्या वांटणीचा करार केला. बादल्यांच्या रांगेंत उभा असलेला शेतकरी आणि मेलेले मासे मोजणारा यूरोक एकाच टेबलाशीं बसले, हें थोडें नव्हे. पण अशा टेबलाशीं प्रत्येकाला कांहीं तरी सोडावें लागतें, आणि जमातींना आपल्या पाण्याच्या हक्कांपैकीं कांहीं दावे बाजूस ठेवावे लागले. हूपा जमातीनें सही करण्याचें नाकारलें. ज्याचें घेतलें गेलें त्यानेंच उरलेल्यांतून पुन्हां थोडें द्यावें, आणि त्याला समेट म्हणावें, हें तिला मान्य नव्हतें.

या दोन्ही पक्षांपैकीं एकाला शहाणा आणि दुसऱ्याला हट्टी म्हणण्याची आपल्या वर्तमानपत्री मनाला घाई होते. तडजोड ही सद्गुणांची राणी आहे असें आमच्या पिढीला शिकविलें गेलें. माझा अनुभव असा कीं तडजोडीचा उपदेश बहुधा ज्याच्याजवळ अधिक आहे तोच करतो. तरीही सही करणाऱ्या जमातींना मी दोष देणार नाहीं. हक्क शाबीत होईपर्यंत मासाच उरला नाहीं तर तो हक्क कशावर बजावावयाचा? आणि हूपांनाही दोष देणार नाहीं. कारण टेबलाशीं सर्वच बसले तर मूळचा अन्याय टेबलाखालीं जाऊन पडतो, आणि कोणी तरी तो वर धरून ठेवावा लागतो. पुढें काय झालें तें लक्षांत घेण्यासारखें आहे. पाण्याच्या त्या कराराला अमेरिकन काँग्रेसनें मंजुरीही दिली नाहीं आणि पैसाही. २०१५ च्या अखेरीस तो संपुष्टांत आला. धरणांचा करार मात्र वेगळा असल्यामुळें २०१६ मध्यें दुरुस्त होऊन वांचला. ज्यांनीं सोडण्याची तयारी दाखविली होती त्यांची तयारी वायां गेली. दोष त्यांचा नव्हता.

कंपनीच्या औदार्याचेंही पुष्कळ कौतुक झालें. त्यांत मीठ थोडें जास्तच पडलें आहे. परवान्याची मुदत संपली होती, नव्या परवान्यासाठीं माशांच्या वाटा बांधाव्या लागल्या असत्या, आणि तो खर्च धरणें सोडून देण्यापेक्षां जड जाणार होता. जमातीचे लोक २००४ मध्यें तेव्हांच्या मालक कंपनीच्या भागीदारांच्या सभेसाठीं थेट स्कॉटलंडपर्यंत जाऊन उभे राहिले होते, तेंही विसरतां येत नाहीं. हेतु शुद्ध नव्हता म्हणून कृत्याची किंमत जाते असें मी कांटच्या वर्गांत बसून कदाचित् म्हटलें असतें. नदीच्या काठीं उभा राहून म्हणणार नाहीं. फक्त त्या कृत्याला दान म्हणूं नये.

आणि ज्यांचें या फेडींत नुकसान झालें तेही मोजले पाहिजेत. कॉप्को तलावाच्या काठीं ज्यांनीं घरें घेतलीं, त्यांच्या अंगणासमोरचें पाणी गेलें. सिस्कियू परगण्यांत २०१० मध्यें लोकांचें मत घेतलें तेव्हां पांचांतले जवळजवळ चार धरणें पाडण्याच्या विरुद्ध होते. त्यांना मूर्ख म्हणणें सोपें आहे; पण कायद्यानें उभ्या केलेल्या तलावावर विश्वास ठेवणें हा कांहीं गुन्हा नव्हे. जुनें देणें फेडतांना नवें होतें, हें निदान कबूल करून हिशेबांत मांडलें पाहिजे.

२०२४ च्या आरंभीं पाणी सोडलें तेव्हां नदी चिखलानें काळवंडली. फेब्रुवारीच्या अखेरीस सोडलेलीं सॅमनचीं आठ लाखांहून अधिक पिल्लें एका धरणाच्या बोगद्यांतून जातांना मेलीं. उघड्या पडलेल्या चिखलावर माणसांनीं हातांनीं स्थानिक गवतांच्या व झाडांच्या अब्जावधि बिया पेरल्या. पेरणारांत यूरोक होते. शेवटचें धरण निघाल्यावर थोड्याच आठवड्यांत, ऑक्टोबरच्या मध्यास, ऑरेगॉनमधील एका उपनदींत सॅमन दिसला. त्या राज्याच्या क्लॅमथ खोऱ्यांत १९१२ नंतर प्रथमच. त्याच्या वर अजून दोन धरणें उभीं आहेत, आणि त्यांच्यापलीकडे शेतांचे कालवे. त्या पाण्याच्या वांटणीचा नवा करार अद्याप व्हावयाचा आहे.