भेट : देणगी की देणं?

मराठीत 'भेट' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. माणसं एकमेकांना भेटतात ती भेट, आणि वाढदिवसाला हातात ठेवतात तीही भेट. एरवी या दोन अर्थांची गल्लत होत नाही. तुरुंगाच्या दारात मात्र हमखास होते. आईला वाटत असतं, आपण मुलाला भेटायला आलो आहोत. खिडकीच्या पलीकडच्या माणसाला वाटत असतं, आपण तिला काहीतरी देतो आहोत. नियमांच्या कागदावरही ही गल्लत दिसते. तिथे भेट कधी हक्क असते, तर कधी चांगल्या वागणुकीबद्दल मिळणारी सवलत.

तुरुंगात या भेटीला 'मुलाखत' म्हणतात. आपल्याला मुलाखत म्हटलं की नोकरी आठवते, नाहीतर यूट्यूबवर गप्पा मारणारा एखादा नट. पण अरबीतून आलेल्या या शब्दाचा मूळ अर्थ भेटणं हाच. तो जुना अर्थ तुरुंगाने जपून ठेवला आहे. आता त्याला पुढे एक अक्षर चिकटलं आहे : ई-मुलाकात.

मार्च 2020 मध्ये कोरोनामुळे देशभरातल्या तुरुंगांमधल्या भेटी बंद झाल्या. तेव्हा व्हिडिओवरची भेट सर्वदूर वापरात आली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या पोर्टलवर भेटणाऱ्याने आपली माहिती भरायची, ओळखपत्राचा क्रमांक द्यायचा, राज्य आणि तुरुंग निवडायचा, बंद्याचं नाव लिहायचं, मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. तुरुंगाने मंजुरी दिली की ठरल्या वेळी पडद्यावर माणूस दिसतो. वाचायला पाच ओळी लागतात. तुम्ही हा लेख फोनवर वाचत असाल तर हे काम तुम्हाला पाच मिनिटांचं वाटेल.

आता हेच काम मुरबाडच्या किंवा शहापूरच्या बाजूने पाहू.

या दोन तालुक्यांतला माणूस अटक होऊन कोठडीत गेला, तर पुढे बहुधा कल्याणचं आधारवाडी कारागृह किंवा ठाण्याचं मध्यवर्ती कारागृह त्याच्या वाट्याला येतं. मुरबाडला रेल्वे नाही. टोकावड्याच्या पुढच्या, माळशेजच्या अंगाच्या एखाद्या पाड्यावरून निघालेल्या बाईला आधी मुरबाड गाठावं लागतं, मग एसटीने कल्याण, मग रिक्षा. डोळखांबकडून निघालेलीला आधी आसनगाव गाठून लोकल धरावी लागते, आणि कसारा मार्गावरच्या लोकल किती अंतराने येतात हे तिथे रोज उभं राहणाऱ्यालाच विचारावं. ठाण्याचं कारागृह तर चक्क किल्ल्यात आहे. पोर्तुगीजांनी बांधायला घेतलेला आणि 1737 मध्ये मराठ्यांनी जिंकलेला हा किल्ला. बाहेरच्यांनी आत येऊ नये म्हणून बांधलेली भिंत आता आतल्यांनी बाहेर जाऊ नये म्हणून वापरली जाते. भेटायला आलेल्या बाईसाठी ती दोन्ही कामं करते.

या प्रवासात तिकिटापेक्षा मोठा खर्च आहे तो बुडालेल्या रोजाचा. वीटभट्टीवर किंवा लावणीच्या दिवसांत एक खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. बरोबर लहान मूल असेल तर त्याची शाळा बुडाली. आणि एवढं करून पोचल्यावर कागदात एखादी त्रुटी निघाली, तर परत पाठवणी. मग व्हिडिओवर भेट मिळत असेल तर ती चांगलीच नाही का?

चांगलीच आहे. पडद्यावरची भेट खोटी आणि समोरासमोरची खरी, असं सरसकट म्हणणं मला पटत नाही. समोरासमोरची भेट म्हणजे काय हे आधी नीट पाहिलं पाहिजे. मध्ये जाळी किंवा काच असते. अलीकडे पलीकडे एकाच वेळी अनेक जण बोलत असतात, त्यामुळे बोलणं कमी आणि ओरडणं जास्त. स्पर्श बहुतेकदा नसतोच. उलट पडद्यावर अशा गोष्टी दिसू शकतात ज्या तुरुंगाच्या दारापर्यंत कधीच येऊ शकत नाहीत. अंथरुणावरची आजी दिसते. नवीन जन्मलेलं बाळ दिसतं. दारातलं आंब्याचं झाड, पावसाळ्याआधी शाकारलेलं छप्पर, वासरू. समोरच्या भेटीत घरचा माणूस तुरुंग बघून येतो. पडद्यावरच्या भेटीत तुरुंगातला माणूस घर बघतो. हे थोडं नाही. मंडालेच्या तुरुंगात असताना टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाई 1912 मध्ये वारल्या आणि ती बातमी त्यांना तारेने कळली. अशा माणसाला पडद्यावर का होईना, शेवटचं पाहता आलं असतं, तर 'ती खरी भेट नव्हे' असं सांगायला कोण गेलं असतं?

दुसऱ्याच्या पायपिटीचं कौतुक करणं सोपं असतं. 'कष्टाने मिळालेल्या भेटीची गोडी वेगळी' हे वाक्य ज्याला तो कष्ट करायचा नसतो त्याच्याच तोंडी येतं.

तरीही पडद्यात काहीतरी कमी पडतं, आणि ते नेमकं काय हे सांगता आलं पाहिजे. एक तर नजर. कॅमेरा वर आणि चेहरा खाली, त्यामुळे डोळ्यांत बघू गेलो तर नजर चुकते आणि कॅमेऱ्यात बघू गेलो तर समोरचा दिसत नाही. व्हिडिओ कॉलवर आपण सगळेच हे रोज अनुभवतो, पण आपल्याला त्याची भरपाई रविवारी घरी जाऊन करता येते. दुसरा स्पर्श. महाराष्ट्राच्या तुरुंगांमध्ये 'गळाभेट' नावाचा उपक्रम होतो. त्या दिवशी बंद्यांच्या लहान मुलांना आत येऊन आई-वडिलांना मिठी मारता येते. त्याचे फोटो वर्तमानपत्रात येतात आणि आपण गहिवरतो. पण या उपक्रमाचा अर्थ असाही आहे की मुलाला नुसतं दिसणं पुरत नाही, हे खुद्द शासनाला मान्य आहे. तिसरी गोष्ट साक्षीची. समोर जाणारा माणूस बंद्याची प्रकृती पाहतो. चालताना तो लंगडतो का, खांद्यावर वळ आहे का, बोलता बोलता तो मागे कोणाकडे बघतो. पडदा छातीपासून वरचा माणूस दाखवतो, आणि तोही कोणीतरी ठरवलेल्या जागी बसवलेला.

म्हणून प्रश्न पडदा बरा की वाईट हा नाहीच. पडदा कशाच्या जोडीला येतो की कशाच्या जागी येतो, हा प्रश्न आहे. संयुक्त राष्ट्रांनी 2015 मध्ये कैद्यांच्या वागणुकीविषयी जे किमान नियम स्वीकारले त्यांना नेल्सन मंडेलांचं नाव दिलं आहे. त्यातला 58वा नियम कुटुंबाशी संपर्काबद्दल आहे. त्यात दोन कलमं आहेत : पत्रं आणि जिथे सोय असेल तिथे डिजिटल साधनं हे एक, आणि प्रत्यक्ष भेटी हे दुसरं. या दोन कलमांच्या मध्ये शब्द आहे 'आणि'. 'किंवा' नाही. सगळा नैतिक वाद त्या एका उभयान्वयी अव्ययात आहे.

'आणि'चं 'किंवा' कसं होतं हे अमेरिकेत दिसलं. तिथल्या अनेक स्थानिक तुरुंगांनी गेल्या दशकात खासगी कंपन्यांकडून व्हिडिओ भेटीची यंत्रणा घेतली. प्रिझन पॉलिसी इनिशिएटिव्ह या संस्थेने 2015 मध्ये केलेल्या पाहणीत दिसलं, की ती यंत्रणा घेणाऱ्या सुमारे 74 टक्के स्थानिक तुरुंगांनी प्रत्यक्ष भेटीच बंद केल्या. काही ठिकाणी घरून बोलायचं तर मिनिटाला सुमारे एक डॉलर मोजावा लागे. सोय म्हणून आलेली गोष्ट आधी पर्याय झाली, मग सक्ती झाली आणि शेवटी धंदा झाली. आपल्याकडे पोर्टलवर भेटीला पैसे पडत नाहीत, ही मोठी गोष्ट आहे. पण पहारेकरी कमी, गर्दी जास्त, आणि पडदा स्वस्त, हे गणित आपल्या तुरुंगांनाही मोह घालणारंच आहे. तो मोह दुष्टपणाचा नसतो, सोयीचा असतो. म्हणूनच त्याच्यावर नियमाची वेसण हवी.

इथे एक रास्त हरकत येते. ज्याच्या मुलाचा खून झाला त्या बापाला कोणत्या पोर्टलवर मुलगा दिसणार आहे? मग खुन्याच्या आईच्या सोयीची एवढी काळजी का? ही हरकत टाळून पुढे जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. त्या बापाचं दुःख कोणत्याही नियमाने भरून येणार नाही. पण भेट नाकारल्याने ते कमी होतं का, हेही विचारायला हवं. शिक्षा ठरवणं न्यायालयाचं काम. न्यायालय कारावास देतं, म्हणजे स्वातंत्र्य काढून घेतं. त्यात 'आणि याच्या आईने याला पाहू नये' असं कलम नसतं. ते कलम खिडकीवर, रांगेत, फॉर्मच्या रकान्यात हळूच जोडलं जातं, आणि ते गुन्हेगाराइतकंच त्याच्या आईला आणि मुलीला लागू होतं. त्यांच्यावर कोणता खटला चालला होता?

शिवाय आत असलेले सगळे गुन्हेगार ठरलेले नसतात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 माणसं होती आणि त्यांतली 4,34,302 कच्चे कैदी होती. म्हणजे दर चारांतल्या तिघांचा निकाल लागायचाच होता. यांतली काही माणसं उद्या निर्दोष सुटतील. त्यांच्या मुलांची बुडालेली वर्षं कोण परत देणार?

आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. 1981 च्या फ्रान्सिस कोरली मुलिन खटल्यात दिल्लीत स्थानबद्ध असलेल्या एका बाईला तिच्या पाच वर्षांच्या मुलीला महिन्यातून एकदाच भेटता येत होतं. न्यायमूर्ती भगवती यांनी लिहिलेल्या निकालात ते बंधन घटनाबाह्य ठरलं. जगण्याचा हक्क म्हणजे नुसता श्वास चालू राहणं नव्हे, माणूस म्हणून जगणं. आणि आपल्या माणसांना भेटणं त्यातच येतं, असा त्याचा आशय आहे. म्हणजे घटनेच्या भाषेत भेट ही देणगी नाही. ते देणं आहे.

कोणी म्हणेल, भेटींचा उपयोगही होतो. खरं आहे. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या तुरुंग विभागाने 2011 मध्ये 16,420 सुटलेल्या कैद्यांचा अभ्यास केला. ज्यांना कोणी भेटायला येत होतं त्यांना पुन्हा गंभीर गुन्ह्यात शिक्षा होण्याचा धोका 13 टक्क्यांनी कमी आढळला. समाजाच्या सुरक्षिततेसाठी हा आकडा महत्त्वाचा आहे. पण हक्क या आकड्यावर उभा करू नये. उद्या दुसऱ्या अभ्यासात 13 चं शून्य झालं, तर काय मुलीने बापाला भेटू नये?

मग व्हिडिओ भेटीचे नियम कसे असावेत? मला तीन कसोट्या सुचतात. पहिली : नियमामागे सुरक्षेचं थेट कारण असावं, नुसती प्रशासनाची सोय नसावी. भेटणाऱ्याची ओळख पटवणं हे कारण झालं. फॉर्म इंग्रजीतच असणं हे कारण नव्हे. दुसरी : नियमाची शिक्षा ज्याने गुन्हा केला नाही त्याच्यावर पडू नये. रेंज गेली आणि भेट अर्धवट तुटली, तर ती भेट झाली असं धरू नये, पुन्हा द्यावी. तिसरी : पडद्यावरची भेट प्रत्यक्ष भेटीच्या कोट्यातून वजा होऊ नये.

दुसऱ्या कसोटीबद्दल शहापूरकरांना फार समजावून सांगावं लागणार नाही. भातसा आणि तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि उन्हाळ्यात इथल्याच पाड्यांवर टँकर येतो. सोय आपल्या जवळून जाणं आणि सोय आपल्या घरात येणं, यातला फरक त्यांना माहीत आहे. पोर्टल सगळ्या देशासाठी खुलं आहे, हे वाक्य पाइपलाइनसारखं आहे. ती वाटेत कोणत्या पाड्याला पाणी देते ते बघावं लागतं.

आणि इथे तुमचा संबंध येतो. ज्या बाईकडे साधा फोन आहे, जिला ओटीपी वाचता येत नाही, ती तो फॉर्म एकटी भरणार नाही. ती शेजारच्या, कॉलेजात जाणाऱ्या पोराकडे येईल. म्हणेल, "बाळा, एवढं करून दे." त्या क्षणी तुरुंगाचं दार तुमच्या हातात आहे. ती तुमच्याच फोनवर, तुमच्याच ओटीवर बसून आपल्या नवऱ्याशी किंवा मुलाशी बोलणार आहे. वकिलाचे पैसे, विकलेली शेळी, धाकटीचं मोडलेलं लग्न, सगळं तुमच्या कानावर पडू शकतं. तुरुंगाचे नियम आत कोण ऐकतं याचा विचार करतात. बाहेर कोण ऐकतं याचा नियम कोणीच करत नाही. तो तुम्हालाच करायचा आहे.

त्यासाठी फार काही लागत नाही. नाव आधारवर आहे तसंच टाकायचं. वेळेआधी फोन चार्ज करून ठेवायचा. जिथे रेंज येते ती जागा आधीच हेरून ठेवायची. कॉल लागला की फोन तिच्या हातात द्यायचा आणि ऐकू येणार नाही इतकं लांब जाऊन उभं राहायचं. आणि कॉल संपल्यावर 'काय म्हणाला?' असं विचारायचं नाही.