गोवर आणि देहातील पहारेकरी



अल्लाहच्या निशाण्या जशा पृथ्वीवर विखुरल्या आहेत, तशाच त्या माणसाच्या स्वतःच्या देहातही आहेत, याकडे सूरह अज्-झारियात आपले लक्ष वेधते. आकाशातील निशाण्यांविषयी आपण पुष्कळ ऐकतो, रक्तातील निशाण्यांविषयी क्वचितच. निरोगी प्रौढाच्या एका घन मिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात. काही शत्रूला गिळतात, काही प्रतिपिंडे तयार करतात. मला सर्वांत विलक्षण वाटतात त्या स्मृतिपेशी. एकदा येऊन गेलेल्या रोगाचा चेहरा त्या वर्षानुवर्षे विसरत नाहीत.

पुष्कळ विषाणू या पहारेकऱ्यांची नजर चुकवू पाहतात. गोवराचा विषाणू मात्र पहारेकऱ्यालाच गाठतो. तो श्वासावाटे आत येतो. फुफ्फुसातील पहाऱ्याच्या पेशी त्याला पकडतात आणि नित्याच्या कर्तव्यानुसार जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात. तेथे स्मृतिपेशींची दाट वस्ती असते. त्यांच्या पृष्ठभागावरील एका प्रथिनाला धरून विषाणू आत शिरतो आणि तेथेच वाढतो. संसर्गानंतर सुमारे दोन आठवड्यांनी अंगावर पुरळ उठते. ‘गोवर बाहेर पडला, अंग स्वच्छ झाले’ असे घरातील वडीलधारी मंडळी म्हणतात. वास्तविक, विषाणूने व्यापलेल्या पेशींवर पांढऱ्या पेशी तुटून पडल्याची ती खूण असते.

मूल बरे होते आणि गोवराविरुद्ध त्याला बहुधा जन्मभराचे संरक्षण लाभते. पण जुन्या रोगांची ओळख जपणाऱ्या कित्येक पेशी त्या धुमश्चक्रीत नष्ट झालेल्या असतात. नेदरलँड्समधील लस न घेतलेल्या ७७ मुलांचे गोवरापूर्वीचे आणि नंतरचे रक्त संशोधकांनी तपासले. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मुलांच्या आधीच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के नाहीशी झाली होती. लसीतील दुर्बल केलेला विषाणू ही स्मृती पुसत नाही.

ती मुले ज्या सनातनी प्रोटेस्टंट समाजातील होती, तेथे अनेक कुटुंबे ईश्वरी नियतीवरील श्रद्धेपोटी लस नाकारतात. हा युक्तिवाद आपल्याही मोहल्ल्यांत ऐकू येतो. २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडीत, तसेच भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ पसरली, लहान मुले दगावली. तकदीरवर आपली श्रद्धा आहेच. पण हजरत उमर (र.) शामकडे निघाले असता वाटेत ताऊनच्या साथीची वार्ता आली आणि त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (र.) यांनी विचारले, हे अल्लाहच्या तकदीरपासून पळणे नव्हे काय? आपण एका तकदीरकडून अल्लाहच्याच दुसऱ्या तकदीरकडे जात आहोत, अशा आशयाचे उत्तर हजरत उमर (र.) यांनी दिले. साथीच्या प्रदेशात जाऊ नये, हा प्रेषित मुहम्मद (स.) यांचा आदेश हजरत अब्दुर्रहमान बिन औफ (र.) यांनी त्यानंतर ऐकवला, तेव्हा त्या निर्णयाला पुष्टीच मिळाली. तदबीर तवक्कुलच्या विरोधात उभी नसते.

राहिला जिलेटिनचा प्रश्न. तो विचारणाऱ्या मातापित्यांना अडाणी ठरवून गप्प बसवणे मला मान्य नाही. हलाल-हरामची काळजी ही ईमानचीच खूण आहे. पुण्यात तयार होणाऱ्या गोवर-रुबेला लसीबाबत इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने ऑगस्ट २०१८ मध्ये फतवा दिला. निर्मितीत डुकरापासून मिळालेला घटक वापरला जात असल्याने तिने ही लस हराम म्हटली. मात्र हलाल पर्याय उपलब्ध नसल्याने आणि लसीवाचून मुलांना धोका असल्याने, जरूरतच्या नियमानुसार ती देण्यास त्याच फतव्यात मुभा दिली. लोक फतव्याचा पूर्वार्ध मोबाइलवर पुढे पाठवतात आणि उत्तरार्ध गाळतात. ही अर्धी अमानत झाली. एखाद्या पदार्थाचे मूळ स्वरूप पूर्ण पालटले की त्याचा हुकूमही पालटतो, असे मानणारे फकीहही आहेत. तो वाद बाजूला ठेवला, तरी विवश माणसासाठी कुरआनने ठेवलेली सवलत आपल्यासमोर आहे.

सरकारी केंद्रांत ही लस विनामूल्य मिळते. पहिला डोस ९ ते १२ महिन्यांच्या वयात, दुसरा १६ ते २४ महिन्यांच्या वयात. डोस चुकला असेल, तर पाच वर्षांपर्यंत देता येतो. कार्ड घेऊन केंद्रावर जावे. गोवर झालाच, तर दम-दुआ अवश्य करावी, पण डॉक्टरांकडेही न्यावे. ते सलग दोन दिवस अ जीवनसत्त्वाचा डोस देतात. पुरळ उठल्यानंतर चार दिवस मुलाला मकतबात, शाळेत किंवा लग्नघरी पाठवू नये. त्यानंतरच्या महिन्यांत खोकला, जुलाब वा ताप आला, तर ‘गोवर तर केव्हाच गेला’ म्हणून थांबू नये. त्याचे पहारेकरी अजून जुन्या शत्रूंची ओळख नव्याने करून घेत असतात.