जन्मघर आणि हाक

बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण ही एके काळी कल्याणी चालुक्यांची राजधानी. तिथं सहाव्या विक्रमादित्याच्या काळात विज्ञानेश्वरानं ‘मिताक्षरा’ ही धर्मशास्त्रावरची टीका लिहिली. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाचा हक्क बाप वारल्यावर नव्हे, जन्मताच निर्माण होतो, हा तिचा सिद्धान्त. पुढे काही दशकांतच त्याच नगरात बसवेश्वरांनी जन्मावरून माणसाची पायरी ठरवणं नाकारलं. माणसाचा अर्थ जन्मस्थानातून येतो की आज त्याला हाक मारणाऱ्यांकडून, हा वाद इथं जुना आहे. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन यांनी ऑकलंड विद्यापीठात ‘आर’ ही संख्याशास्त्राची संगणकभाषा रचली, तेव्हा त्यांना याच वादाचा निकाल लावावा लागला, आणि तो मला पटतो. समजा, व्याज काढणारं फंक्शन जिथं लिहिलं तिथं ‘दर’ 5 आहे आणि त्याला बोलावणाऱ्या फंक्शनमध्ये ‘दर’ 50. आर 5 घेते. फंक्शन आपल्या जन्माचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे नावांचे अर्थ ठेवणारं घर, सोबत बाळगतं. कुणी कुणाला बोलावलं याची साखळी, म्हणजे कॉल स्टॅक, वेगळी असते. ‘पॅरेंट डॉट फ्रेम’नं बोलावणाऱ्याचं एन्व्हायर्नमेंट गाठता येतं, पण म्हणून फंक्शनमधल्या शब्दाचा अर्थ आपोआप फिरत नाही. बोलावणारा कितीही बलवान असो, दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ त्याच्या मर्जीवर राहत नाही, आणि मला यात न्याय दिसतो.

जन्म प्रमाण मानला की जातही प्रमाण ठरते, हा आक्षेप खरोखर वजनदार आहे. पण आरमधलं फंक्शन जन्मघराची प्रत घेऊन फिरत नाही, त्या घराशी जोडलेलं राहतं. तिथला ‘दर’ उद्या 7 केला, तर तेच जुनं फंक्शन पुढच्या वेळी 7 वापरतं. मिताक्षरेवर आधारलेल्या हिंदू वारसा कायद्याचंही तेच झालं. 2005च्या दुरुस्तीनं मुलीला मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला, आणि दुरुस्तीच्या दिवशी वडील हयात असण्याची गरज नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2020 साली स्पष्ट केलं. त्या मुलींचा जन्म बदलला नव्हता, त्यांच्या जन्मघरातला नियम बदलला होता. बसवेश्वर याहून पुढे गेले, हे खरं. त्यांच्या मार्गातल्या दीक्षेनं माणसाला नवं जन्मघरच मिळतं. आरमध्येही फंक्शनला दुसरं एन्व्हायर्नमेंट देता येतं. राहिला जाणकारांचा आक्षेप: फंक्शनला दिलेली पदं बोलावणाऱ्याच्याच एन्व्हायर्नमेंटमध्ये वाचली जातात, मग जन्माचा नियम उरला कुठे? तो तिथंही शाबूत आहे. ती पदं बोलावणाऱ्यानं, त्याच्याच घरात लिहिलेली असतात.