उरलेल्या मेणाचे मोल

२ फेब्रुवारीला, प्रभूच्या समर्पणाच्या सणाला, आपण आशीर्वादित मेणबत्त्या घरी आणतो. २ नोव्हेंबरला प्रियजनांच्या कबरींवर मेणबत्त्या लावतो. वीज गेली की लागतात त्या साध्या मेणबत्त्या वेगळ्याच. मेण मात्र सगळ्यांचेच उरते आणि घरच्या अल्ताराच्या खणात तुकडे साठत जातात. टाकायला मन धजत नाही आणि वितळवावे तर ‘हे देवाचे, चालेल का?’ अशी शंका येते. ही शंका रास्त आहे.

सर्व मेण सारखे नाही. साध्या मेणबत्तीचे मेण ही घरातली वस्तू आहे. घट्ट बसणाऱ्या लाकडी खणाला ते चोळा, शिवणाच्या दोऱ्याला लावा किंवा नवी मेणबत्ती करा. आशीर्वादित मेणबत्तीचे तसे नाही. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या कायदेसंहितेतील कलम ११७१ सांगते, की उपासनेसाठी आशीर्वादित केलेल्या वस्तू खासगी मालकीच्या असल्या, तरी त्यांचा मान राखावा आणि ऐहिक कामाला त्या वापरू नयेत. मालकी आपली असली, तरी वापर मनाला येईल तसा करता येत नाही. म्हणून हे मेण वेगळे साठवावे व त्याची मेणबत्ती करून ती प्रार्थनेच्या वेळीच लावावी. ते जमत नसेल, तर ते आदराने मातीत पुरावे. दुसऱ्यांच्या कबरीवरील विझलेली मेणबत्ती मात्र उचलू नये. ती त्यांच्या प्रार्थनेची खूण आहे.

पाच हजारांना जेवू घातल्यावर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे गोळा करायला सांगितले, काही वाया जाऊ नये म्हणून (योहान ६:१२). पाच भाकरींतून सर्वांना तृप्त करणाऱ्याला तुकड्यांची काय गरज होती? ती काटकसर टंचाईपोटी नव्हती, मिळालेल्या दानाच्या आदरापोटी होती. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात म्हटले आहे, की वस्तू लगेच न टाकता पुन्हा वापरणे ही प्रेमाची कृती ठरू शकते. मात्र हेतू योग्य हवा.

हेतूपाशीच आपली परीक्षा होते. नव्या मेणबत्त्या नाताळसाठी स्वतःकडे ठेवायच्या आणि उरल्यासुरल्या मेणाच्या देवाला किंवा गरिबाला द्यायच्या, तर ती काटकसर नव्हे, नुसती अडगळ काढणे झाले. मंदिरातील गरीब विधवेने दोनच नाणी टाकली, पण ती तिच्या उपजीविकेतली होती, उरलेली नव्हती (मार्क १२:४४). उरलेले आपण वापरावे आणि त्यातून वाचलेले पैसे द्यावेत, हाच क्रम बरा.

मेण वितळवताना भांडे थेट गॅसवर ठेवू नये. पातेल्यात पाणी तापवून त्यात मेणाचा डबा ठेवावा. काजळी व जुन्या वाती फडक्याने गाळून घ्याव्यात आणि वात सुती दोऱ्याची घालावी. मेणाने पेट घेतलाच, तर पाणी न ओतता गॅस बंद करून झाकण घालावे. मुलांना हे काम दाखवावे, पण दुरून.

त्या मेणबत्तीच्या उजेडात आज कुटुंबाने एकत्र रोझरी म्हणावी आणि वाचलेले चार पैसे कोणाच्या उपयोगी पडतील, हेही तेव्हाच ठरवावे.