तोफ न ऐकलेला माणूस

आमच्या दुकानात आरशाच्या वर सेना महाराजांचा फोटो आहे. खुर्चीत बसून मान मागे टाकली की वारणानगरचं प्रत्येक गिऱ्हाईक आधी त्यांनाच बघतं. गोष्ट बहुतेकांना पाठ आहे. सेना पूजेत रमले, राजवाड्यातून बोलावण्यावर बोलावणं आलं, राजा खवळला आणि विठ्ठल स्वतः सेनाचं रूप घेऊन, धोकटी काखोटीला मारून राजाची हजामत करून आला. तेलाच्या वाटीत राजाला चतुर्भुज रूप दिसलं. महिपतींनी 1762 साली ‘भक्तविजया’त ही गोष्ट सांगितली. दामाजीपंतांची कथाही याच जातीची. मंगळवेढ्याची सरकारी कोठारं त्यांनी दुष्काळात लोकांना मोकळी केली आणि धान्याचे पैसे देव विठू महार होऊन बेदरला भरून आला. आपल्या विठोबाला दुसऱ्याच्या जागी जाऊन उभं राहायची खोडच आहे म्हणा ना.

गोष्ट मला आवडते, पण पोटभर पटत नाही. देवाचं त्यात गेलं काय? हजामत बिघडली असती, राजाने मान उडवायचा हुकूम दिला असता, तरी विठ्ठलाची मान कशी उडणार? ज्याला मरणच नाही त्याने दुसऱ्याच्या जागी उभं राहणं ही कृपा झाली, जोखीम नव्हे. जोखीम बघायची तर आमच्याच धंद्यातल्या दुसऱ्या माणसाकडे जावं लागतं. त्याचं गाव नेबापूर, पन्हाळ्याच्या पायथ्याला, आमच्याच तालुक्यात. सेनाच्या गोष्टीत देव न्हावी झाला. नेबापूरच्या शिवा काशिदाच्या गोष्टीत न्हावी राजा झाला, आणि त्याला मरण होतं.

दरवर्षी आषाढात पन्हाळ्याहून पावनखिंडीपर्यंत चालत जाणाऱ्या मोहिमा निघतात. कोल्हापूर, सांगली, पुणे, कुठकुठची मंडळी येतात. पुढे भगवा, मागे शिट्टी घेतलेला वाटाड्या, पाठीवर सॅक, अंगावर प्लास्टिकचा कागद. या दिवसांत कारखान्याचा हंगाम संपलेला असतो, गिऱ्हाईक पातळ असतं, त्यामुळे दुकान पुतण्यावर टाकून मला जाता येतं. आमचा वाटाड्या पन्हाळ्याच्या बाजूचाच पोरगा होता, विशीतला. सगळ्यांना काका-मावशी म्हणायचा आणि चढाला कुणी रेंगाळलं की लांबूनच ओरडायचा, “काका, बसू नगासा, बसलं की पाय धरत्यात!”

पन्हाळ्यावर बाजीप्रभूंच्या पुतळ्याला हार घातला की तो सगळी हकिकत सांगतो. 1660 च्या मार्चपासून सिद्दी जौहरचा वेढा. राजापूरचे इंग्रज व्यापारी तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले (पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूर मारून त्यांना कैद केलं, हे सांगताना पोराचा आवाज चढतो). मग 12 जुलै, आषाढी पौर्णिमा, धो धो पाऊस आणि दोन पालख्या. एका पालखीत महाराज, बांदलांचे सहाशे मावळे बरोबर, राजदिंडीने उतरून विशाळगडाकडे. दुसरीत शिवा काशिद, महाराजांच्या वेषात, शत्रूच्या हाती लागण्यासाठीच निघालेला. ती पालखी पकडली गेली, सोंग उघडं पडलं, काशिद मारला गेला. तोवर महाराज पुढे निघाले होते. सिद्दी मसूद पाठलागावर सुटला. घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, बाजी तीनशे माणसांनिशी अडून राहिले, आणि विशाळगडावरून तोफेचा आवाज आला तेव्हाच त्यांनी प्राण सोडला. विशाळगडालाही सुर्व्यांचा आणि दळव्यांचा वेढा होता, तो फोडून महाराजांना वर जावं लागलं, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.

ही हकिकत बखरींतून आणि लोकांच्या तोंडून आलेली. काशिदाच्या तोंडी जी बाणेदार वाक्यं घालतात ती मला नाटकातली वाटतात. मरायच्या वेळी माणूस एवढं घोटून बोलत नाही. पण सोंगाचा भाग मला पटतो, कारण तो आमच्या हातातला आहे. लोकांना वाटतं काशिद हुबेहूब महाराजांसारखा असणार. तेवढी गरजच नसते. कल्ला कुठे थांबतो, दाढीची रेघ गालावर किती वर चढते, मिशीचं टोक खाली वळतं की वर, आणि कपाळ किती उघडं राहतं, एवढं जुळलं की अंधारात, मशालीच्या उजेडात, निम्मा चेहरा बघणाऱ्याचं मनच पुरवतं. वर जिरेटोप बसला की उरलेलं झाकून जातं. माझ्या खुर्चीत आलेली दोन सख्खी भावंडं मी दाढी वेगळी कोरून परकी करून दिली आहेत. काशिदाने स्वतःच्या गालावर स्वतःच वस्तरा चालवला असेल का? मला वाटतं, असेलच. दुसऱ्याचा चेहरा आपल्या तोंडावर कोरायला त्याच्याइतका जाणता हात गडावर दुसरा कुणाचा असणार?

राजदिंडीने उतरलं की तुरुकवाडी, म्हाळुंगे आणि मग मसाईचं पठार. पठार म्हणजे जांभ्याचा उघडा सडा, मैलोगणती. श्रावण-भाद्रपदात फुलांनी भरतं, आषाढात नुसतं धुकं. चार हातांपलीकडचा माणूस दिसत नाही, पाण्याखाली गेलेली पायवाट तर नाहीच. वाटाड्या शिट्टी वाजवत राहतो आणि आपण शिट्टीमागे जात राहतो. मसाईच्या देवळापाशी ओले कपडे पिळताना त्याने कड्याच्या पोटातली पांडवदरा लेणी सांगितली. नाव पांडवांचं, पण कोरली बौद्ध भिक्षूंनी. म्हणजे 1660 च्या कितीतरी आधी या डोंगरात माणसांची ये-जा होती. खाली अणस्कुऱ्याच्या घाटात जुनी फरसबंदी वाट आजही दिसते, राजापूरच्या बंदराकडे उतरणारी. कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीत सापडलेली. समुद्राचा देव पंचगंगेच्या काठी आला तो कोकणातून असाच कुठला तरी घाट चढून आला असणार. तेव्हा वाट कुणा एकाची नाही. बैल, भिक्षू, व्यापारी, धनगर, सगळ्यांनी तुडवलेली. मग आम्ही तिला वाकून नमस्कार करतो तो कशाला?

आमच्या कॉलेजातले एक प्राध्यापक माझं जुनं गिऱ्हाईक. ते ग्रीसला जाऊन आलेत. त्यांनी सांगितलं, अथेन्सहून एल्युसिसला जाणारा जुना रस्ता आहे, वीसेक किलोमीटरचा, त्याला अजून पवित्र रस्ताच म्हणतात. पूर्वी दर शरदात दीक्षा घेणारे लोक त्यावरून चालत देवीच्या देवळाकडे जायचे. वाटेतल्या पुलावर तोंड झाकलेली माणसं बसायची आणि मिरवणुकीतल्या बड्या बड्या नागरिकांना शिव्या घालायची. देवळात पोचल्यावर आत काय दिसलं ते बाहेर सांगायला बंदी, सांगितलं तर देहदंड. हजारभर वर्षं लोक गेले, पण गुपित फुटलं नाही. आता देऊळ पडलं, देवी गेली, रस्त्यावर सिग्नल आणि ट्रकांची रांग. नाव मात्र पवित्र.

हे ऐकल्यापासून मला आमची वाट त्या रस्त्याच्या उलटी वाटते. तिथे शेवटाला देवता होती आणि तोंड बंद होतं. इथे शेवटाला देव नाही, एक खिंड आहे, आणि तोंड उघडं आहे. सगळं सांगितलं जातं, लाउडस्पीकर लावून सांगितलं जातं. पंढरीची वारी शेवटी विठ्ठलाच्या पायाशी थांबते, तिला पोचायचं ठिकाण आहे. आषाढी एकादशीला वारकरी पोचतात आणि चारच दिवसांनी पौर्णिमेला आमची तिथी. आमच्या चालण्याचं ठिकाण मात्र एक आवाज आहे, विशाळगडावरची तोफ. साडेतीनशे वर्षांनंतरही आपण ती तोफ ऐकायला चालतो. तिच्यावाचून गोष्ट पुरी होत नाही. बाजी पडले हे सोसवतं, कारण त्यांनी ती ऐकली.

इथे माझं पाऊल अडकतं. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात फळावर हक्क नाही म्हणून सांगितलंय. कीर्तनकार हे सांगतात, आम्ही माना डोलावतो. पण बाजींना फळ मिळालं. जिवाच्या मोबदल्यात का होईना, कर्म सार्थकी लागल्याची खूण त्यांच्या कानावर पडली. हे मी बाजींचं मोठेपण कमी करायला म्हणत नाही. अंगावर इतक्या जखमा घेऊन तासन् तास उभं राहणं काय असतं, ते खिंडीतल्या चिखलात दोन मिनिटं उभं राहिलं तरी कळतं. त्यांचे भाऊ फुलाजी तिथेच पडले, दोघांच्या समाध्या विशाळगडावर आहेत. पण फळाशिवायचं कर्म कुठे बघायचं तर ते दुसऱ्या पालखीत. काशिद मेला तेव्हा महाराज वाटेत होते. पोचले की पकडले गेले, हे त्याला कळायची सोयच नव्हती. सोंग लवकर उघडं पडलं, हे मात्र कळलं. म्हणजे मरताना त्याच्या हातात काही असलंच तर ते कदाचित ‘फसलो’ एवढंच असेल. त्याच्यासाठी कुणी तोफ डागली नाही. डागली असती तरी ऐकायला तो नव्हता.

दुसरा प्रश्न मी वाटाड्याला विचारला, भाकरी खाताना. करपेवाडीत मुक्काम होता, एका घरच्या सोप्यावर आम्ही वीसेक जण, बाहेर पन्हाळीचं पाणी. घरच्या मावशींनी नाचणीची भाकरी आणि झणझणीत आमटी वाढली होती. मी म्हटलं, “काशिदाला ‘नाही’ म्हणता आलं असतं का?”

पोरगा थबकला. म्हणाला, “काका, असं कसं? राजासाठी कोण न्हाई म्हनंल?”

नेमकी इथेच आमची गल्लत होते. न्हावी बारा बलुत्यांतला. राजाने बोलावलं की जायचं, म्हणून तर सेनाच्या गोष्टीत देवाला धावावं लागलं. बोलावणं टाळायची मुभा न्हाव्याला नव्हती, हेच त्या गोष्टीचं दुखणं आहे. आता काशिदालाही ती मुभा नव्हती असं मानलं, तर त्याचं मरण म्हणजे हुकूम झाला, आणि हुकुमाची अंमलबजावणी करणाऱ्याला आपण शाबासकी देतो, नमस्कार करत नाही. ‘स्वामिनिष्ठ सेवक’ म्हणून त्याचं कौतुक करणारे नकळत हेच करतात. जन्मानेच ज्याचा होकार गृहीत धरलाय, त्याच्या होकाराला किंमत काय? दान द्यायचं तर आधी ते आपलं असावं लागतं, आणि न देण्याचीही सोय असावी लागते. मला वाटतं, त्या रात्री गडावर काशिदाला नकार देता आला असता. महाराजांच्या माणसांत असं वातावरण होतं म्हणूनच तर बांदलांचे मावळे घरदार सोडून त्या पावसात धावले. आणि नकार देता येत असताना तो पालखीत बसला. एवढं मानलं की तो माझ्या जातीचा उरत नाही आणि कुणाचा चाकरही उरत नाही. एक माणूस उरतो, आपला चेहरा कोरून घेतलेला.

तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी मध्येच विचारलं, “तुमी कुठलं?” म्हटलं, “वारणेचा. न्हावी हाय.” बाबा म्हणाले, “मग आमचं डोकं करून जावा सकाळी.” सॅकेत वस्तरा असतोच. सकाळी त्यांच्या अंगणात मी बाबांचं डोकं केलं, पाऊस थोडा थांबला होता. पैसे घेतले नाहीत. ते म्हणाले, “घ्या की, फुकट कसलं?” मग दहाची नोट घेतली.

दुसरा दिवस लांबत जातो. आंबेवाडी, रिंगेवाडी, माळेवाडी, धनगरवाडे, रोपलागण करणाऱ्या बाया, पायाला चिकटलेल्या जळवा. पांढरपाण्याच्या पुढे डांबरी रस्ता लागतो आणि एसटी, जीपगाड्या, वडापावच्या गाड्या. खिंडीत आता पायऱ्या आणि कठडे आहेत. घोषणा होतात, पोवाडा होतो, सेल्फी होतात. मला त्याचा राग येत नाही. जत्रेशिवाय आपल्याकडे काहीच टिकत नाही, जोतिबाचा डोंगर बघा, गुलालानेच तो टिकलाय. फक्त पाच-पन्नास वर्षांत एकदा तरी कुणीतरी दुसऱ्या पालखीच्या वाटेने मोहीम काढावी असं वाटतं. मी वाटाड्याला तसं म्हटलं. तो हसला. “काका, छावणी नेमकी कुठं हुती ते कुनाला दावता येतंय? सगळा ऊसच हाय तिकडं. लोकं बघणार काय?” खरंय. बघायला तिकडे नेबापुरातली समाधी तेवढी, आणि तिथे चालत यायला पन्हाळ्यावरून पुरता एक उतारही लागत नाही. दोन दिवसांची मोहीम त्यात कशी बसवायची?

परवा इंजिनिअरिंगचा एक पोरगा दाढीला आला. मी त्याला हे सगळं सांगत होतो. वस्तऱ्यात नवं अर्धं ब्लेड घातलेलं, साबण चढवलेला, हनुवटीखालचा भाग चालला होता. तो डोळे मिटूनच म्हणाला, “पण काका, तोफ ऐकू आली नसती तर बाजी मेले नसते का? मेलेच असते ना? मग फरक कुणाला पडला, त्यांना की आपल्याला?”

मी म्हटलं, “गळ्यावर वस्तरा हाय, आधी गप्प बस.” तुरटी फिरवून मी तोंड उघडतोय तोवर त्याची कोल्हापूरची गाडी लागली, आणि तो वीस रुपये सुटे शोधत पळाला.