आरशातील दुसरी

पत्नीच्या पोशाखाचे बिल पाहून पतीने कपाळाला हात लावावा आणि वाचकांनी हसावे, हा विनोद फार जुना आहे. लंडनमध्ये १८४१ साली सुरू झालेल्या ‘पंच’ या विनोदी साप्ताहिकाला तो विशेष प्रिय होता. १८५६ नंतर पोलादी कड्यांच्या सांगाड्यावर फुगवलेला क्रिनोलिनचा झगा रूढ झाला आणि व्यंगचित्रकारांना पर्वणीच लाभली. बाईसाहेब दारातून आत मावत नाहीत, त्यांच्या शेजारी बसायला जागा उरत नाही आणि यजमानांचा खिसा मात्र रिकामा!

हा विनोद निव्वळ खोटा नव्हता. ऐपतीबाहेरच्या हौसेपायी घरे कर्जात बुडतात, हे कोण नाकारील? परंतु हसणाऱ्याने मोजलेली किंमत कोणती? केवळ यजमानांच्या पाकिटातील.

जून १८६३ मध्ये लंडनच्या एका प्रतिष्ठित शिवणगृहात मेरी ॲन वॉकली ही वीस वर्षांची कारागीर मुलगी मरण पावली. युवराजांशी नुकत्याच विवाहबद्ध झालेल्या डॅनिश राजकन्येच्या सन्मानार्थ नृत्यसमारंभ होता. त्याचे पोशाख वेळेत पुरे करायचे होते. मेरी इतर मुलींसमवेत सलग साडेसव्वीस तास राबली होती. कामाची खोली गर्दीने भरलेली, निजण्याची जागा कोंदट.

पुढच्याच महिन्यात ‘पंच’मध्ये जॉन टेनिएल यांचे एक चित्र आले. नवा पोशाख ल्यालेली स्त्री आरशात पाहते, तर तिथे गतप्राण शिवणकरीण दिसते. हसविणारे पान त्या दिवशी गंभीर झाले.

तरीही मनात एक शंका राहते. त्या आरशासमोर एकटी स्त्रीच का उभी? बिल कमी करा म्हणून कुरकुरणारे यजमान कुठे आहेत? समारंभाची तारीख ठरविणारे कुठे आहेत? घासाघीस करून वाचविलेला पैसा आणि घाई करून मिळविलेला दिवस, दोन्ही अखेर कोणाच्या तरी झोपेतूनच वजा होतात. स्त्रीच्या हौसेला हसणे सोपे असते. कारण त्या हसण्यात आपला वाटा झाकला जातो.

विनोद करूच नये, असे मुळीच नाही. पण बिलावर हसण्यापूर्वी त्यात न लिहिलेली रक्कम कोणी भरली, एवढे विचारण्याची सवय आपण लावून घ्यावी. पुढच्या सणाचे कपडे ‘उद्याच हवेत’ असे शिंप्याला बजावताना ती उपयोगी पडेल.